दोन शाळा, एक स्कूटर आणि मधे विश्वामित्री

हे प्रकरण माझ्या भाचीच्या घरचं आहे. घर बडोद्यात, दांडिया बाजारात, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. भाची बँकेत नोकरीला, जावई हालोलच्या एका कारखान्यात पाळीने. सासरे, ज्यांना घरातले सगळेच आप्पा म्हणतात, विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वय चौऱ्याहत्तर, अँजिओप्लास्टी झालेली, स्कूटर सोडलेली. थोरली नात तिसरीत. धाकटा साडेचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. सासूबाई गेल्या, त्यालाही आता काही वर्षं झाली.

थोरलीची शाळा गोत्री रस्त्याच्या अंगाला, म्हणजे विश्वामित्री नदीच्या पलीकडे, सकाळच्या पाळीची. घंटा सात दहाला आणि फाटक त्याच्या पाच मिनिटं आधी बंद. धाकट्याची शाळा कारेलीबागेत, बरोबर उलट दिशेला. ती आठला भरते, फाटक पावणेआठला उघडतं आणि मूल आयाबाईंच्या हातात द्यावं लागतं. बाहेर सोडून निघून जायची सोय नाही. जावयाच्या पाळ्या आठवड्याला बदलतात: पहिली, दुसरी, रात्र. पहिल्या पाळीला कंपनीची बस सहाच्या आत पकडावी लागते. भाचीला साडेनऊला शाखेत हजर व्हायचं असतं. आप्पा पहाटे सव्वासहाला कमाटीबागेत फिरायला जातात, त्यांची पाचसात जणांची मंडळी ठरलेली आहे. परत येतात पावणेआठच्या सुमाराला, दूध आणि कधीमधी फाफडा घेऊन.

मी भाचीचा मामा. उभी नोकरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत झाली, इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंग खात्यात. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात, कोणतं मशीन कोणासाठी खोळंबतं, हे हातात घड्याळ घेऊन मोजायचं, हा धंदा. निवृत्तीनंतर असल्या माणसाला घरात कोणी काही विचारत नाही. भाचीने विचारलं, म्हणून हे सगळं जवळून बघायला मिळालं.

रिक्षा सुटली तिथपासून

जून २०२४ पर्यंत या घराची सकाळ बरी चालली होती. थोरली वर्दीच्या रिक्षातून जायची. महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर मुलं नेणारे असे वर्दीवाले काका बडोद्याच्या शाळांचा अर्धा डोलारा सांभाळतात. काकांच्या रिक्षात दहाबारा मुलं सहज असत: मागच्या सीटवर चार, त्यांच्यासमोर ठोकलेल्या फळीवर चार, काकांच्या दोन्ही बाजूंना एकेकदोघं, आणि दप्तरं बाहेरच्या अंगाला टांगलेली. हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांना चालत होतं, माझ्यासकट.

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनची आग. १३ जूनला शाळा उघडल्या तेव्हा आरटीओ आणि वाहतूक पोलीस रस्त्यावर उतरलेलेच होते. किती मुलं बसवली, गाडीचं टॅक्सी पासिंग आहे का, सीएनजीच्या टाकीवर सीट टाकलंय का, सगळं तपासलं जाऊ लागलं. वर्दीवाल्यांनी संपही पुकारला. संप मिटला, तपासणी राहिली. काकांनी भाचीला सांगितलं, "बेन, आता सहाच्या वर बसवू देत नाहीत. सहा पोरांत नदीपलीकडची फेरी मला परवडत नाही." त्यांचा हिशेब खरा होता. सकाळी त्यांच्याकडे एकाच फेरीपुरता वेळ. ती त्यांनी जवळच्या शाळेसाठी ठेवली. दुपारी मात्र दुसऱ्या पाळीची मुलं गोत्रीकडे सोडायची असतातच आणि येताना रिक्षा रिकामी, त्यामुळे थोरलीचं परत येणं त्यांनी सोडलं नाही. फक्त जाणं गेलं.

आता आपल्यापैकी बहुतेकांनी जे केलं असतं तेच भाचीने केलं. दोन्ही मुलं ॲक्टिव्हावर. धाकटा पुढे पायाच्या जागेत उभा, थोरली मागे, दप्तर तिच्या पाठीला, डबे हुकला. सहा चाळीसला निघायचं, अकोटा-दांडिया बाजार पुलावरून पलीकडे, सातला थोरलीचं फाटक. तिथून उलटं शहर ओलांडून साडेसातला कारेलीबाग. मग फाटक उघडेपर्यंत पंधरा मिनिटं स्कूटरवरच बसून राहायचं. धाकटा तिच्या खांद्यावर झोपायचा.

मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकालाच बसू देतं. ते दुसरं माणूस आठ वर्षांचं की ऐंशीचं, याचा विचार कलमात नाही. १२९ वं कलम चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लावायला सांगतं. नऊ महिने ते चार वर्षं या वयासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम निघाला आणि वर्षभराने लागू झाला: मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हे मी भाचीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, नियम मलाही कळतात. दुसरं मूल ठेवू कुठे, ते सांगा."

प्रश्न तोच होता, पण तो त्या शब्दांत पहिल्यांदा विचारला गेला होता. त्याआधी दोन आठवडे घरात सगळं बोलणं वाहनांविषयी चाललेलं: दुसरी रिक्षा, व्हॅन, शाळेची बस, हप्त्यावर गाडी.

मूल कोणाच्या हातात

भाचीने आपला एक तक्ता केला होता. डावीकडे वेळ, उजवीकडे काय करायचं: उठवणं, दूध, आंघोळ, डबा, निघणं, पोचणं. सुबक होता. त्यात एकही रिकामा चौकोन नव्हता, आणि तिथेच मला संशय आला. कारखान्यात मशीनचा तक्ता भरगच्च दिसला की समजावं, माणूस मोजायचा राहिलाय.

मी तिला दुसरा तक्ता करायला लावला. पहाटे पावणेसहा ते आठ, पाचपाच मिनिटांचे चौकोन, प्रत्येक मुलाची एक ओळ. चौकोनात काम लिहायचं नाही, वाहन लिहायचं नाही. त्या पाच मिनिटांत मूल कोणाच्या ताब्यात आहे, त्या मोठ्या माणसाचं नाव तेवढं लिहायचं. असे तीन तक्ते, जावयाच्या तीन पाळ्यांचे.

मग भोकं दिसली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात भाची खाली जाऊन गाड्यांच्या गर्दीतून स्कूटर बाहेर काढायची, थोरली तिच्याबरोबर, आणि धाकटा वर एकटा झोपलेला. दार नुसतं ओढून घेतलेलं. "दोनच मिनिटं लागतात," ती म्हणाली. तिच्याच तक्त्यात तो चौकोन रिकामा होता. थोरलीच्या शाळेत फाटक उघडायच्या आधी पोचलं की भाची तिला तिथे उभी करून निघायची, कारण कारेलीबाग गाठायचं डोक्यात असायचं. पहारेकरी असतो, पण तो मूल ताब्यात घेत नाही. म्हणजे आणखी एक रिकामा चौकोन.

पण सगळ्यात वाईट आठवडा पहिल्या पाळीचा निघाला नाही. निघाला दुसऱ्या पाळीचा. त्या आठवड्यात जावई रात्री बाराला घरी येतो, जेवून झोपेपर्यंत एक वाजतो. सकाळी तो घरात आहे, म्हणून घराने सगळं त्याच्यावर टाकलेलं: थोरलीला तो नेणार. सहाला उठून, पाच तासांच्या झोपेवर, पुलावरच्या गर्दीत मागे मुलगी घेऊन. तक्त्यात सगळे चौकोन भरलेले, सगळीकडे त्याचं नाव. आणि तो एक दिवस उठला नाही किंवा तापला तर दुसरं नाव कुठेच नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात निदान सगळे सावध असायचे. दुसऱ्या पाळीत घर निर्धास्त होतं.

हे जावयाला पटायला वेळ लागला. "मला सवय आहे," हे पाळीवाल्या प्रत्येक माणसाचं वाक्य मी नोकरीभर ऐकलंय. ते बहुतेक वेळा खरंही असतं, पण मशीनपुढे. तिथे डुलकी लागली तर थांबवायचं बटण असतं.

धाकट्याच्या झोपेचा हिशेब त्यातून आपोआप आला. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेचं सांगणं आहे. आठच्या शाळेसाठी त्याला पावणेसहाला उठवायचं, तर रात्री पावणेआठला झोपवावं लागेल. भाची घरी येते सातला. म्हणजे बहिणीची रिक्षा सुटली आणि त्याची किंमत धाकटा देत होता: रोजचा तासभर रस्त्यावर, आणि आईबरोबरची संध्याकाळ पाऊण तासाची.

जे पर्याय तपासले

शाळेची बस होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शाळेच्या बससाठी घालून दिलेल्या अटी (वेगमर्यादा, अनुभवी चालक, खिडक्यांना आडव्या सळया, दाराला कुलूप, सोबत मदतनीस) त्या बसला बऱ्याच अंशी लागू होत्या. पण बस नदीच्या अलीकडे येत नव्हती. सगळ्यात जवळचा थांबा अकोट्याच्या बाजूला, आणि जागा नाही. नाव लिहून ठेवलं.

एक व्हॅन मिळाली. पांढरी नंबरप्लेट, मागे टाकीवर गादी. भाचीने एकदा बघितली आणि सोडून दिली. बरं केलं.

जावयाने कायमची जनरल पाळी मागावी, हाही विचार झाला. पाळीभत्ता गेला असता, आणि जनरल पाळीची बसही सातच्या आसपासच निघते. त्यातून काहीच सुटत नव्हतं.

धाकट्याला पुढच्या वर्षी थोरलीच्याच शाळेत घालावं, हा सल्ला भाचीला भेटेल तो देत होता. ऐकायला इतका सोपा की मीही आधी मान डोलावली. मग तिने वेळा आणल्या. शाळेची इमारत एक, पाळ्या दोन. बालवर्ग साडेआठला भरतात, प्राथमिक सात दहाला, वरचे वर्ग दुपारी साडेबाराला. दोन्ही मुलं एकाच फाटकातून जाणार, पण ऐंशी मिनिटांच्या अंतराने, आणि ते फाटक नदीपलीकडे. आज एक मूल पूल ओलांडतं, मग दोन्ही ओलांडणार. पाळीच्या शाळा असलेल्या गावात "एकच शाळा" या तोडग्याने घड्याळ एक होत नाही, हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

थोरलीला घराजवळच्या शाळेत घालणं, हा पर्याय कोणी मांडलाच नाही. मी मांडला तेव्हा खोलीत जरा शांतता झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलंय. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, त्या बडोद्याच्या मधोमध राहणारं हे घर. चालत जाता येतील अशा शाळा आजही आहेत. पण इंग्रजी माध्यम, मोठं मैदान, आणि थोरलीच्या मैत्रिणी. भाची म्हणाली, "तो निर्णय झालाय मामा." मी तो विषय तिथेच सोडला. प्रकरण समजून घेताना घरातल्या माणसांनी कुठली भिंत हलवायची नाही असं ठरवलंय, हेही एक माप असतं.

शेजारचं घर

काकांनी एकाच दिवशी दोन मुलं कमी केली होती. दुसरा पाचवीतला मुलगा, याच गल्लीत पुढच्या इमारतीत राहणारा, थोरलीच्याच शाळेत. घर गुजराती, तोंडओळख होती, त्यापलीकडे काही नाही. त्याचे वडील आता त्याला रोज आपल्या गाडीने नेऊन सोडतात, हे भाचीला जूनअखेरीस फाटकावर दिसलं. गाडीत मागची सीट रिकामी.

तरी तिने विचारलं नाही. पंधरा दिवस रोज दिसत होतं, आणि विचारलं नाही. कारण सरळ आहे: रोजचा उपकार फेडायचा कसा? एक दिवसाची मदत मागता येते. वर्षभराची मागितली की आपण कायमचे खाली. शेवटी थोरलीच त्या मुलाशी बोलून आली आणि त्याची आई जिना चढून आली. पेट्रोलचे पैसे काढताच ते भाई हसले. "एक ज रस्तो छे ने, बेन. एमां शुं?"

मला ते "एमां शुं", म्हणजे "त्यात काय", धोक्याचं वाटलं. माणूस भला होता, शंकाच नाही. पण फुकटच्या सोयीत घेणाऱ्याला काही बोलता येत नाही. त्यांना उशीर झाला तर फोन करता येत नाही, उद्या येणार का असं विचारता येत नाही. आणि ज्या दिवशी त्यांना कंटाळा येईल त्या दिवशी त्यांनाही सांगता येत नाही, नुसते टाळायला लागतात. पैसे घेणार नाहीत, तर दुसरं काहीतरी त्यांच्या दिशेनेही वाहायला हवं होतं.

ते त्याच जिन्यावरच्या बोलण्यातून निघालं. त्या मुलाची आई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, अडीचला येते. मुलगा एक वाजता घरी येऊन किल्लीने दार उघडून दीड तास एकटा. आमचे आप्पा तेव्हा घरीच असतात. अकराला रिक्षा करून धाकट्याला शाळेतून तेच आणतात आणि एकला थोरलीसाठी खाली उभे राहतात. मग मुलगाही थोरलीबरोबर काकांच्या रिक्षातून इथेच उतरायला लागला. जेवण आपापल्या डब्यातलं, अभ्यास आप्पांपुढे. आप्पा त्याला मराठीत पाढे म्हणायला लावतात आणि तो गुजरातीत म्हणतो. एकोणतीसाच्या पाढ्यापर्यंत दोघांचं जमतं.

म्हणजे सकाळची अडचण दुपारच्या दीड तासाने फिटली. सकाळचा तक्ता घेऊन बसलो असताना दुपारकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. हे त्या दोघी बायकांचं काम.

भाचीची सकाळ आता अशी झाली: सहा चाळीसला थोरलीला खाली नेऊन गाडीत बसवायचं, धाकटा वर झोपलेला. या चार मिनिटांसाठी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दार उघडं ठेवून आपल्या दारात चहा घेत बसतात. मग धाकट्याला पावणेसहाऐवजी पावणेसातला उठवायचं, आणि साडेसातनंतर निघून दहाबारा मिनिटांत कारेलीबाग. मागे एकच मूल, हेल्मेट घातलेलं. चार वर्षं उलटली असली तरी पट्टा ठेवला.

आप्पांचा चौकोन

उरले ते दिवस, जेव्हा शेजारचे भाई अंकलेश्वर-सुरतेकडे कामाला जातात किंवा गाडी सर्व्हिसिंगला असते. त्या दिवशी थोरलीला भाचीनेच पलीकडे न्यायला हवं, आणि धाकटा सहा चाळीस ते साडेसात घरी. तक्त्यात तो चौकोन रिकामा. त्यात लिहिता येईल असं घरात एकच नाव, आणि ते नाव त्या वेळी कमाटीबागेत.

मी मुलीकडचा माणूस. व्याह्यांना "फिरायला जाऊ नका" म्हणणं माझ्या तोंडी शोभत नाही. सुनेने सासऱ्यांना म्हणणं त्याहून अवघड, त्यातून डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं. जावई "बघू, बोलतो" म्हणाला आणि बोलला नाही. तक्ता जेवणाच्या टेबलावर काचेखाली पडून होता. आप्पांनी तो वाचला आणि भाचीला विचारलं, "हे कोरं का?"

त्यांची तयारी होती. त्यांची अट दुसरीच निघाली, आणि ती आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. "मी त्याला आंघोळ घालणार नाही. साबण लावला की तो निसटतो, आणि ओल्या फरशीवर माझा तोल गेला तर दोघंही पडू." याला काही उत्तर नव्हतं, बरोबरच होतं. पण भाची अडली. पोराला पारोसं शाळेत पाठवायचं? हे तिला दोन मुलं स्कूटरवर नेण्यापेक्षाही जड गेलं.

इथे माझा धंदा थोडा कामी आला. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांचं सगळ्यात गाजलेलं काम प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलण्याविषयीचं आहे. टोयोटाच्या कारखान्यात मोठ्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. १९६९ मध्ये तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आला. गोम एवढीच की मशीन बंद असतानाच करावी लागतील अशी कामं वेगळी काढायची आणि बाकीची सगळी मशीन चालू असताना उरकून ठेवायची. या घराचं मशीन म्हणजे भाची. ती सहा ते आठ चालू असते. आंघोळीला त्या दोन तासांत काय काम? संध्याकाळी साडेसातला आंघोळ, सकाळी हातपाय-तोंड आणि गणवेश. गणवेशसुद्धा रात्रीच उशाशी. दप्तर, डब्याची भाजी चिरून, बूट दाराशी, हेल्मेट खुंटीला, सगळं रात्री. भाचीने पंधरा दिवस नाक मुरडलं. मग धाकटा रात्री लवकर झोपायला लागला, आंघोळीमुळे असेल, आणि तो मुद्दा मिटला.

आप्पांची दुसरी अट: रात्री नऊच्या आत सांगायचं, म्हणजे मंडळींना फोन करता येतो. त्यातूनच सगळ्यांसाठी नियम झाला. उद्या गाडी आहे की नाही, हे शेजारचे भाई नऊच्या आत कळवतात. नऊनंतर आजारपणाशिवाय बदल नाही. नियम मी केला असता तर कोणी पाळला नसता.

पाऊस, पूर, गरबा, पतंग

जुलैत एक गोष्ट नीट कळली. जोराचा पाऊस झाला की अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा भुयारी रस्ता, भरतं, आणि तिथली सगळी वाहनं जेतलपूरच्या आणि अकोट्याच्या पुलाकडे वळतात. पाऊस आपल्या रस्त्यावर पडला नाही तरी गर्दी आपल्या रस्त्यावर येते. मग पावसाळी रात्रीच्या नऊच्या फोनमध्ये दुसरा प्रश्न आला: उद्या पंधरा मिनिटं आधी? जादा वेळ ठेवायचा तो पुलाच्या अलीकडे. घरात राखलेला वेळ घरातच खर्च होतो, हे कुठल्याही आईला विचारा.

ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचा पूर आला. धोक्याची खूण ओलांडून नदी ३५ फुटांच्याही वर गेली. शाळा बंद, त्यामुळे त्या दिवसांत व्यवस्थेची परीक्षा झालीच नाही. झाली ती नंतर. शेजारच्या भाईंची गाडी त्यांच्या ऑफिसच्या तळघरात उभी होती. पाणी सीटच्या वर गेलं. शहरात अशा गाड्या इतक्या की गॅरेजमध्ये नंबर लागायलाच दिवस जात होते. सप्टेंबरभर आणि पुढेही काही दिवस गाडी नाही.

भाई म्हणाले, "मी स्कूटरवर दोघांना नेतो." भाचीने नको म्हटलं. त्यांच्या मागे दोन मुलं म्हणजे पुन्हा तेच कलम १२८, आता दुसऱ्याच्या मुलासकट. मग रोज दोन स्कूटर, एकाच वेळी, एकाच पुलावरून, प्रत्येकीवर एक मोठं आणि एक मूल. हिशेबी माणसाला ते बघवत नाही, पण दुचाकीच्या हिशेबात याहून कमी काही बसत नाही. आपत्कालीन म्हणून ठेवलेला आप्पांचा चौकोन महिनाभर रोजचा झाला. त्यांनी फिरणं संध्याकाळवर नेलं. मंडळींपैकी दोघं त्यांच्याबरोबर संध्याकाळी यायला लागले, बाकीचे सकाळीच राहिले. हे त्यांना लागलं, असं मला वाटतं. त्यांनी बोलून दाखवलं नाही.

दुपारची देवघेव मात्र त्या महिन्यातही चालू राहिली. गाडी नव्हती, तरी मुलगा आप्पांकडे येतच होता. पुढे गाडी आली तेव्हा सकाळची फेरी न सांगता पुन्हा सुरू झाली, ती त्यामुळेच.

नवरात्रात रात्री गरबा, त्यामुळे भाचीने नऊ दिवस धाकट्याची शाळा सरळ ऐच्छिक करून टाकली. ज्युनिअर केजीत काय बुडतं?

उत्तरायणाच्या आधी बाजारात स्कूटरच्या हँडलला लावायच्या लोखंडी सळया येतात, मांजा गळ्याशी यायच्या आत अडावा म्हणून. ती लावून घेतली, गळ्याला मफलर, आणि धाकटा पुढे कधीच नाही. जानेवारीत आपल्याकडे उजाडायला सव्वासात होऊन जातात. जूनमध्ये सहाच्या आतच उजाडलेलं असतं. सहा चाळीसचं निघणं कागदावर तेच, पण थंडीत ते अंधारातलं निघणं आहे. त्या महिन्यात पाळीच्या वर्गांची वेळ शाळांनीच अर्धा तास पुढे न्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. भाचीने पालक सभेत ते मांडलं. शिक्षकांच्या दुपारच्या पाळीला धक्का लागतो, असं उत्तर आलं.

आप्पा दिवाळीनंतर सकाळच्या मंडळींत परतले, पण आता साडेसातला निघतात. डॉक्टरांनीही थंडीत ऊन पडल्यावर जा म्हणून सांगितलं. त्यामुळे सहा चाळीसचा चौकोन रोजच भरलेला असतो, आणि समोरच्या काकूंना दारात बसावं लागत नाही. त्या तरी बसतात.

जून २०२५ मध्ये शेजारचा मुलगा सहावीत गेला आणि दुपारच्या पाळीत. गाडी सकाळी पलीकडे जायची थांबली, आप्पांकडचा दीड तासही संपला. त्याच सुमाराला बसच्या यादीत थोरलीचं नाव वर आलं. थांबा अजूनही अकोट्याच्याच बाजूला आहे, सहा पन्नासला. भाची तिला पुलापलीकडे नेते, मदतनीस बाईंच्या हातात देते आणि सातला घरी. धाकटा तोवर आप्पांजवळ झोपलेला असतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात जावयाला कोणी उठवत नाही.

बसचे पैसे रिक्षाच्या जवळजवळ दुप्पट आहेत.